सभेबाहेर एकटीने फलक घेऊन उभं राहायचंय? मग शेवटपर्यंत एकटीच राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांपूर्वी ज्यांनी तुमच्या भागाच्या पाणीयोजनेचं आश्वासन दिलं, तेच उमेदवार पुन्हा मत मागायला येताहेत आणि जलवाहिनी अजून अर्धीच टाकलेली आहे. त्यांच्या प्रचारसभेबाहेर तुम्हाला एकटीने फलक घेऊन उभं राहायचं आहे. परवानगी लागते का, पोलीस उचलतील का, नोकरीला धक्का बसेल का, आणि कॉलेजात जाणारी मुलगी 'मीही येते' म्हणतेय तर तिला घ्यावं का?

मी फौजदारी वकील. महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत बावीस वर्षं काढली. निवडणूक आली की संध्याकाळी पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसून कुणाला तरी सोडवायचं काम हमखास येतं. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुम्ही करताय ते बेकायदा नाही. पण तुम्हाला तीन-चार तास ठाण्यात बसवून ठेवण्याची शक्यता चांगलीच आहे. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत, हे आधी पचवा म्हणजे त्या दिवशी गोंधळ होणार नाही.

निदर्शन म्हणजे अभिव्यक्तीच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगून ठेवलंय. तो खटला बिहारच्या सरकारी नोकरांचा होता. सरसकट सगळ्या निदर्शनांवर बंदी घालणारा नियम तिथे टिकला नाही. म्हणजे तुमचा फलक राज्यघटनेच्या कलम १९(१)(अ) मध्ये, म्हणजे अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात, बसतो. त्याला मर्यादा आहेत, पण त्या 'वाजवी' असाव्या लागतात. २०२० च्या शाहीन बाग निकालात न्यायालयाने सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून धरता येणार नाही असं म्हटलं. तो निकाल पोलीस तुमच्या तोंडावर फेकतील. तुम्ही रस्ता अडवत नाही आहात, एवढंच शांतपणे सांगा.

आता खरी गंमत. आपला बहुतेक जमावबंदीचा कायदा पाचापर्यंत मोजतो. बेकायदा जमाव म्हणजे पाच किंवा अधिक माणसं. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १४१ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं १८९. निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात जे जमावबंदीचे आदेश निघतात, त्यांतही बहुधा 'पाच किंवा त्याहून अधिक व्यक्ती' असेच शब्द असतात. एकटं माणूस त्या जाळ्यात सापडत नाही. गांधीजींनी १९४० मध्ये युद्धविरोधासाठी सामुदायिक चळवळ न करता वैयक्तिक सत्याग्रह निवडला आणि १७ ऑक्टोबरला पवनारहून विनोबांना पहिले सत्याग्रही म्हणून पुढे केलं, त्यामागेही गर्दीमुळे येणारी बेशिस्त आणि हिंसा टाळण्याचा विचार होता. अर्थात चार दिवसांत विनोबांना अटक झाली, हेही लक्षात असू द्या.

सगळीकडे असं नाही बरं. सिंगापूरच्या २००९ च्या कायद्यात एकट्या माणसालाही परवाना लागतो. ब्रिटनने २०२२ मध्ये कायदा बदलून एकट्याच्या निदर्शनावरही आवाजाच्या कारणाने अटी घालायची सोय करून घेतली. आपल्याकडे अजून तसं झालेलं नाही. म्हणून तुमचं एकटेपण ही तुमची सगळ्यात मोठी कायदेशीर ढाल आहे आणि ती तुमच्या हातून जाते ती बहुतेक वेळा पोलिसांमुळे नाही, आपल्याच हितचिंतकांमुळे. तिकडे येतोच.

आधी आदेश मिळवा. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश लागू आहे का, हे तहसील कार्यालयात, पोलिसांच्या संकेतस्थळावर किंवा सरळ ठाण्यात विचारा. आदेश दोन प्रकारचे असतात. एक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १६३ खालचा, म्हणजे आपलं जुनं १४४. तो जास्तीत जास्त दोन महिने चालतो, राज्य सरकारने वाढवला तर आणखी सहा महिने. दुसरा महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खालचा. त्यातली जमावबंदी पंधरा दिवसांपलीकडे न्यायची तर सरकारची मंजुरी लागते. आदेश शब्दन् शब्द वाचा. कारण १६३ चा आदेश एखाद्या विशिष्ट व्यक्तीच्या नावानेही काढता येतो आणि तसा तुमच्या नावाने निघाला असेल तर वरचं पाचाचं गणित लागू होत नाही. मग उभं राहायच्या आधी वकिलाकडे जायचं. अनुराधा भसीन खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलंय की हे कलम रास्त मतप्रदर्शन दाबण्यासाठी वापरायचं नाही आणि आदेश प्रसिद्ध करावेच लागतात. पण हा मुद्दा न्यायालयात मांडायचा, रस्त्यावर पीएसआयशी वाद घालताना नाही.

कलम ३७ च्या आदेशातली एक ओळ लोक वाचतच नाहीत आणि तिथेच फसतात. मनाई असलेल्या वस्तूंच्या यादीत शस्त्रं, सोटे, तलवारी, भाले यांच्या पंगतीत काठ्या आणि लाठ्याही असतात. माझ्याकडे एक पोरगा आला होता. फलकावरचा मजकूर अगदी सभ्य, पण फलक ठोकला होता चार फुटी बांबूवर. मजकुराला कुणी हात लावला नाही. बांबू जप्त झाला आणि त्याच अधिनियमाच्या कलम १३५ खाली गुन्हा नोंदवला गेला. पुढे दोन वर्षं तारखा. तेव्हा काठी नको. पुठ्ठ्याला दोन भोकं पाडा, सुतळी ओवा आणि शाळेतल्या पाटीसारखा गळ्यात अडकवा. हात मोकळे राहतात, हाही फायदाच. प्रतिमा, पुतळा, जोडे, शाई, अंडी यांचं नावही काढू नका.

फलक हातानेच लिहा. हे मी हौसेने सांगत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२७अ नुसार निवडणुकीसंबंधीच्या छापील पत्रकावर, फलकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता लागतो. नसेल तर सहा महिने कैद किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण त्याच कलमात हाताने नक्कल करणं 'छपाई'तून वगळलेलं आहे. फ्लेक्सवाल्याकडे गेलात की तुम्ही त्या कलमाच्या दारात. मार्करने पुठ्ठ्यावर लिहिलंत की बाहेर. पत्रकं वाटायचा मोह तर अजिबात नको.

मजकुराबद्दल माझा आग्रह असा की एक प्रश्न, एक तारीख, एक आकडा. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल खोटं विधान निकालावर परिणाम करायच्या हेतूने केलं तर न्याय संहितेचं कलम १७५ आहे, शिवाय बदनामीचं ३५६. 'चोर', 'टक्केवारीवाला' हे शब्द घोषणेत छान वाटतात, साक्षीच्या पिंजऱ्यात तितके छान वाटत नाहीत. 'या तारखेला तुम्ही योजना पूर्ण करण्याचं आश्वासन दिलंत. आज किती काम झालं?' हा प्रश्न आहे, आरोप नाही. त्याचं उत्तर द्यायची जबाबदारी त्यांच्यावर जाते. आश्वासनाचं कात्रण किंवा माहिती अधिकारात मिळालेलं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवा. जात, धर्म, पंथ यांचा उल्लेख चुकूनही नको. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ मध्ये तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि 'यांना मत देऊ नका' असंही लिहू नका. तो गुन्हा आहे म्हणून नव्हे, तर तुम्हाला विरोधकांनी पाठवलंय हे सिद्ध करायला समोरच्याला तेवढंच पुरेसं होतं म्हणून.

काळा झेंडा? विरोधाची ती जुनी खूण आहे, आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याला काळा झेंडा दाखवणं म्हणजे बदनामी नव्हे असं म्हणत खटला रद्द केला. तरी मी नको म्हणेन. आपल्याकडे मोठ्या नेत्याच्या सभेला काळा रुमाल, काळा शर्टसुद्धा गेटवर काढून घेतात. काळं दिसलं की बंदोबस्तातला शिपाई मजकूर वाचतच नाही, थेट हात धरतो. तुम्हाला तर तो वाचला जायला हवा आहे.

आता परवानगीचं. 'परवानगी मिळावी' असा अर्ज करू नका. अर्ज केलात की तो फेटाळता येतो आणि मग तुम्ही लेखी नकाराच्या विरोधात उभ्या राहता. त्याऐवजी ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना 'माहितीस्तव' म्हणून पत्र द्या: मी, अमुक, तारीख, वेळ, जागा, एकटीच, घोषणा न देता, रस्ता न अडवता उभी राहणार आहे. ठाण्यात प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, आवक क्रमांक घ्या. पोच हा कागद नंतर सोन्याच्या भावाचा ठरतो. माझे काही सहकारी म्हणतात, आधी कळवलं तर पोलीस घरीच अडवतील, न कळवता जावं. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण न कळवता गेलेल्या माणसाबद्दल नंतर स्टेशन डायरीत काय वाटेल ते लिहिता येतं. पोच असेल तर लिहिणाऱ्याचा हात आखडतो. मी पोचेच्या बाजूचा आहे.

पत्र दिल्यावर संध्याकाळी गोपनीय शाखेचा हवालदार घरी येईल. साध्या वेशात, बहुधा मोटारसायकलवर, चहा घेईल आणि 'ताई, कशाला उगाच' म्हणेल. त्याच्याशी नीट बोला, तो त्याचं काम करतोय. कदाचित नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस हातात देईल, ठाण्यात अजून सगळे तिला '१४९ ची नोटीस' म्हणतात. ती घ्या. नाकारू नका. खाली 'मिळाली, मजकूर मान्य नाही', तारीख, वेळ, सही. ही नोटीस म्हणजे बंदी नसते. दखलपात्र गुन्हा करू नका असा इशारा असतो. आणि तुमचा तसा इरादाच नाही. मात्र कुणी 'उद्या घराबाहेर पडायचं नाही' असं तोंडी सांगितलं तर लेखी आदेश मागा. तोंडी नजरकैद अशी काही गोष्ट कायद्यात नाही.

कुठे उभं राहायचं? मैदान त्या वेळेपुरतं आयोजकांच्या ताब्यात असतं, तिथून ते तुम्हाला बाहेर काढू शकतात. शिवाय आत गोंधळ घालून सभा उधळायचा प्रयत्न झाला तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ लागतं. सहा महिने किंवा दोन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि गुन्हा दखलपात्र. त्यामुळे आत जायचंच नाही. आतल्या ध्वनिक्षेपकाशी स्पर्धा करत ओरडायचंही नाही. बाहेर, प्रवेशद्वाराच्या तोंडाशी नव्हे, समोरच्या बाजूच्या पदपथावर, भिंतीला पाठ लावून, एखाद्या दुकानाच्या सीसीटीव्हीच्या टप्प्यात उभ्या राहा. लोक येत असतात तो तास-दीड तास तुमचा. ताफा यायच्या वेळी पोलीस सगळ्यात ताणात असतात. तेव्हा एक पाऊलही पुढे टाकू नका, उलट दोन मागे घ्या. पोलीस 'इथून तिकडे सरका' म्हणाले तर सरका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६८ प्रमाणे वाजवी सूचना पाळणं बंधनकारक आहे आणि दहा पावलांनी तुमच्या प्रश्नाचं काही बिघडत नाही. 'पाच किलोमीटरवरच्या मैदानात जा' ही सूचना वाजवी आहे का, हा वेगळा वाद.

कार्यकर्ते येतील. दोघं-तिघं, गळ्यात उपरणं, आधी हसत, मग फलकाला हात घालत. इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट सांगतो. आदर्श आचारसंहितेत सभांविषयीच्या भागात स्पष्ट लिहिलंय की सभेत व्यत्यय आणणाऱ्यांचा बंदोबस्त करायला आयोजकांनी पोलिसांची मदत घ्यायची, स्वतः कारवाई करायची नाही. ही आचारसंहिता पक्षांना आणि उमेदवारांना बांधते, तुम्हाला नाही. म्हणजे त्यांनी तुमचा पुठ्ठा फाडला तर भंग त्यांचा. शिवाय वाट अडवणं न्याय संहितेचं १२६, नुकसान करणं ३२४. पण त्या क्षणी कलमं म्हणून दाखवू नका. फलक सोडून द्या, ओढाताण करू नका, मोठ्याने पोलिसाला हाक मारा. तुमचा माणूस लांबून थेट सी-व्हिजिलमधूनच चित्रीकरण करत असेल तर ते निवडणूक आयोगाकडे जाऊ शकतं. तिथल्या तक्रारीवर शंभर मिनिटांत कार्यवाही अपेक्षित असते.

आणि आता ते हितचिंतक. विरोधी उमेदवाराचा कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन येईल. घेऊ नका. त्यांच्या नावाची टोपी, छत्री, उन्हात खुर्ची, काही नको. गल्लीतल्या बायका 'आम्हीही येतो' म्हणतील, त्यांना आदल्या दिवशीच हात जोडून नाही म्हणा. तुमच्या शेजारी चौघं येऊन थांबले की मोजणारा पाचापर्यंत मोजतो, त्यातला एक घोषणा देतो आणि मग तुमचा सभ्य प्रश्न 'जमावाने घोषणाबाजी केली' या वाक्यात विरून जातो. तसं झालंच तर फलक उतरवा आणि तिथून निघा. वाईट वाटेल, पण निघा. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत ज्यांच्यावर खरोखर गुन्हे दाखल झाले, त्यातले जवळजवळ सगळे शेवटच्या अर्ध्या तासात एकटे नव्हते.

उचललंच तर काय होतं ते सांगतो. एक निवृत्त लिपिक माझे अशील होते. गळ्यात पाटी, पाटीवर एक ओळ. चार वाजून दहा मिनिटांनी दोन शिपायांनी दोन्ही बाजूंनी कोपराला धरून त्यांना गाडीत बसवलं. मी पोचलो तेव्हा ते ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बाकड्यावर बसले होते. पाटी भिंतीला टेकवलेली, मजकूर भिंतीकडे. कुणीतरी चहा दिलेला. मी विचारलं, अटक की ताब्यात? अंमलदार म्हणाला, '६८, साहेब. सभा संपली की ६९.' महाराष्ट्रात हा दोन आकडी मंत्र प्रत्येक आंदोलकाला पाठ असतो. कलम ६९ मध्ये सूचना न पाळणाऱ्याला हटवता येतं आणि किरकोळ प्रकरणी प्रसंग टळल्यावर सोडून देता येतं. साडेनऊला त्यांना सोडलं. नागरिक सुरक्षा संहितेत आता कलम १७२ मध्येही अशीच तरतूद आली आहे, तिथे मर्यादा चोवीस तासांची. ही कारवाई म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे, त्यामुळे नोकरीच्या किंवा पासपोर्टच्या अर्जात 'गुन्हा दाखल आहे का' याचं उत्तर त्यामुळे बदलत नाही.

गाडीत बसवताना हाताला झटका देऊ नका. '३५३ लावतो' ही धमकी सगळ्यांनी ऐकलेली असते. आता ते न्याय संहितेचं १३२ आहे, शासकीय कामात बळाने अडथळा, अजामीनपात्र. शंभर टक्के सभ्य निदर्शनाचं एका हिसक्याने काय होतं ते मी पाहिलंय. शरीर सैल सोडा, पण तोंडाने विचारा: कोणत्या कलमाखाली, अटक आहे का? अटक असेल तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर नेणं बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. कोऱ्या कागदावर सही नाही. 'पुन्हा असं करणार नाही' या जबाबावरही नाही. मनाई आदेश मोडल्याचं न्याय संहितेचं २२३ लावलं तर ते जामीनपात्र आहे आणि न्यायालयाला त्याची दखल घ्यायला संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. नुसत्या एफआयआरवर उभी केलेली अशी प्रकरणं याच मुद्द्यावर पडतात. चॅप्टर केसची, म्हणजे शांतता राखण्याच्या बंधपत्राची, नोटीस आली तर मात्र दुर्लक्ष करू नका, वकील घेऊनच हजर व्हा.

नोकरीचं. तुम्ही खासगी कंपनीत आहात, तर सेवाशर्ती एकदा वाचा, त्या दिवशी रजा टाका आणि कंपनीचं ओळखपत्र घरी ठेवा. सरकारी किंवा अनुदानित संस्थेतल्या असतात तर माझा सल्ला वेगळा असता, कारण निवडणुकीच्या बाबतीत तिथले वर्तणूक नियम फार कडक आहेत.

मुलीला घ्या, पण शेजारी उभं करू नका. तिने समोरच्या बाजूला पन्नास पावलांवर थांबायचं, हातात फक्त फोन, गळ्यात काही नाही. माझा किंवा तुमच्या ओळखीच्या वकिलाचा नंबर तिच्या तळहातावर पेनने लिहा. फोन जातात, बॅटरी संपते, हात राहतो. तुम्हाला गाडीत बसवलं तर तिने धावत यायचं नाही, गाडीचा क्रमांक आणि वेळ टिपून घ्यायची आणि नंबर लावायचा. आणि नेत्याचं भाषण संपत आलं की, म्हणजे सभा सुटायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, पाटी पिशवीत घालून दोघी घरी जा. सभा सुटल्यावर जो लोंढा बाहेर पडतो, त्यात तुमचा फलक वाचायला कुणी थांबत नाही आणि बंदोबस्तही तोवर ताफ्यामागे निघून गेलेला असतो.